पुसलेलं कुंपण

आमच्या शेजारच्या दुकानात टेलर मास्तर बसतात. त्यांच्याबद्दल गल्लीची तक्रार एकच, सांगितल्या दिवशी कपडे कधी मिळत नाहीत. शिवणीला मात्र नाव ठेवायला जागा नाही. मी इस्त्रीवाला, त्यांचं शिवलेलं सगळं माझ्या टेबलावरून जातं. आजवर एक दोरा लोंबताना पाहिला नाही.

या माणसाला पंचावन्नाव्या वर्षी ड्रोनचं वेड लागलं. "डोळ्याला चष्मा, गुडघ्याला पट्टा, आणि निघाले विमान उडवायला!" असं त्यांची बायको म्हणाली, आणि पहिल्याच रविवारी स्वतः चहाचा थर्मास भरून दिला. मीही सोबत जायला लागलो. माझं काम मान वर करून पक्षी आणि विजेच्या तारा दिसल्या की ओरडायचं. पगार चहा.

फोटो काढण्यापेक्षा त्यांना तो साफ करण्यात जास्त रस. शिवणाच्या टेबलावर कात्री, खडू आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी. फोटो मोठा करायचा आणि नको ते शोधायचं. कचऱ्याची पिशवी, लोंबणारी तार, आडवी लावलेली स्कूटर. शेजारचं गवत उचलून त्यावर असं ठिगळ लावायचं की सांधा सापडू नये. सावल्यांना मात्र ते हात लावत नसत. "सावली काढली की फोटो तुमच्या इस्त्रीसारखा सपाट होतो," असं म्हणाले. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

साफ झाला की मूळ फोटो पुसून टाकायचे. "अहो, ठेवा की तो," मी एकदा म्हटलं.

"शिवून झाल्यावर तुकडे कुणी जपून ठेवतं का?" मास्तर म्हणाले.

त्यांची थोरली बहीण गावाच्या कडेला राहते. तिच्या घराचा त्यांनी एका सकाळी फोटो काढला. कौलं, लिंबाचं झाड, दोरीवरचे कपडे, लांबच लांब सावल्या. बाजूचं फळ्यांचं कुंपण वाकडंतिकडं होतं, ते काढून टाकलं. मोठा करून, काचेत बसवून ताईला दिला. ताईनं तो बैठकीच्या खोलीत लावला. त्यानंतर तीन महिन्यांनी ताईचे यजमान, भावजी, गेले.

ताई महिनाभर मुलीकडे जाऊन राहिली. परत आली तर शेजाऱ्यानं नवं कुंपण घातलेलं, पाच फूट आत. लिंबाचं झाड पलीकडे. शेजारी म्हणाला, "जुनं कुजलं होतं, त्याच जागी नवं बसवलं." त्याला तिथं गाडीसाठी शेड हवी होती. झाड तोडायला माणूसही सांगून ठेवला होता. झाड भावजींनी लावलेलं.

मोजणीवाले साहेब येऊन गेले. हद्दीच्या खुणा बुजल्या होत्या. "जुनं कुंपण कुठं होतं, याचा काही पुरावा?" त्यांनी विचारलं. सोमवारी परत येतो म्हणाले.

ताईनं भावाला फोन लावला. "तुझ्याकडे फोटो आहे ना?"

"आहे. पण त्यात कुंपण नाही."

"का नाही?"

"मीच काढलं."

ताई म्हणाली, "काढलंस तसं घाल परत. कोणाला कळतंय?"

मास्तरांना ते अवघड नव्हतं, हीच पंचाईत होती. रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून त्यांनी एकेक फळी रंगवली. मी बघत होतो. कुंपण खऱ्यापेक्षा खरं दिसायला लागलं, आणि मास्तर घामाघूम. शेवटची फळी लावताना त्यांचा हात थांबला. "हिची सावली आधीच पडलीय," ते म्हणाले.

कुंपण पुसलं होतं, सावली राहिली होती. पट्ट्यापट्ट्यांची, गवतावर सरळ. रंगवलेलं सगळं त्यांनी तिथल्या तिथं उडवलं.

सोमवारी ताईच्या अंगणात काचेतला फोटो खुर्चीवर ठेवला. मास्तरांनी काय पुसलं आणि काय नाही, ते साहेबांना सरळ सांगितलं. साहेब म्हणाले, "सावली काही पुरावा नाही. पण कुठं खणायचं ते कळलं." दोरीच्या दोन खांबांमधलं अंतर मास्तरांनी टेपनं घेतलं, फोटोवरचं पट्टीनं, आणि सावली जिथून सुरू होत होती तिथं काचेवर खडूनं रेघ मारली. त्या हिशेबानं जागा मोजून वीतभर खणल्यावर जुन्या कुंपणाच्या खांबाचा कापून बुजवलेला खुंट लागला. पुढे दुसरा. शेजारी घरात निघून गेला. साहेब लिहायला बसले.

ताई मात्र फोटोवर वाकली होती. इतके महिने तो बघत होती, पण एवढ्या जवळून नव्हे.

"या पट्ट्या कुंपणाच्या. मग ही मधली कसली? मी झाडाचीच समजत होते."

मास्तरांनी टेप गुंडाळली. पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"भावजींची," ते म्हणाले. "फळीला खिळा ठोकत होते. वरून नुसतं टक्कल दिसत होतं गं, ताई. एक ठिपका. फोटोत मध्येच येत होता."

"म्हणून काढलास?"

"हो."

गवतावर एक वाकलेला माणूस आडवा पसरला होता. एक हात वर उचललेला, हातोडीसकट.

"मूळ फोटो..." ताईनं विचारायला सुरुवात केली आणि भावाच्या तोंडाकडे बघून सोडून दिलं. पदरानं काच पुसली. काचेवरची खडूची रेघ गेली.

"दुसरा काढून देतो," मास्तर म्हणाले. "चांगला. झाडाचा."

"दे," ताई म्हणाली. फोटो तिनं स्वतः आत नेला आणि होता त्याच खिळ्याला लावला. आतूनच म्हणाली, "पण याला आता हात लावू नकोस."