गाडी कोणत्या सालची?

मांजरी रस्त्याला आमची रोपवाटिका आहे. ती सुरू करण्याआधी सतरा वर्षं मी हडपसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. पंपाचे सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे; ते मोजायचे, उजेडात धरायचे आणि पास की नापास ते लिहायचं. त्या कामाने एक सवय कायमची लावली. एखाद्या भागाचं डिझाइन बदललं की त्यानंतरचा पहिला लॉट डोळ्यांत तेल घालून बघायचा. चुका तिथेच सापडतात. दुसऱ्या-तिसऱ्या लॉटपर्यंत त्या कुणीतरी निस्तरलेल्या असतात.

घरच्या गाडीला मात्र मी ही सवय कधी लावली नाही. आमची पहिली पिकअप ओळखीच्या माणसाकडून घेतली, रंग चांगला होता म्हणून. सासवडहून अंजिराची रोपं भरून येताना दिवेघाटाच्या उतारावर तिचे ब्रेक गेले. गाडीत माझे यजमान एकटे होते. गिअर खाली टाकत टाकत त्यांनी ती डोंगराकडच्या चरात घातली. खांद्याचं हाड मोडलं, दोनशे रोपं रस्त्यावर पसरली, आणि मागून येणाऱ्या एका बसच्या ड्रायव्हरने त्यांना धरून सावलीत नेऊन बसवलं. नंतर गॅरेजवाल्याने मला ब्रेकची नळी दाखवली. गंजून तिची चाळण झाली होती. सतरा वर्षं दुसऱ्यांचे भाग तपासले आणि ही नळी एकदाही खाली वाकून बघितली नाही, हे मला फार दिवस टोचत राहिलं.

खांदा भरून आला, पण यजमान गाडी चालवेनात. "भाड्याचा टेम्पो बोलव," एवढंच म्हणायचे. दोन वर्षं तसंच चाललं. भाड्याच्या टेम्पोत रोपं आडवी पडायची, शेंडे मोडायचे, वेळ तर कधीच पाळली जायची नाही. एका सोसायटीने चाळीस अरेका पाम तसेच परत पाठवले. ते यजमानांनी एकेक करून उतरवले, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्याच आठवड्यात मी ठरवलं: गाडी घ्यायची, जुनीच घ्यायची, आणि या वेळी मी बघून घ्यायची.

मॉडेल ठरलेलं होतं. निम्मं पुणे ज्यावर माल वाहतं तीच मध्यम आकाराची पिकअप. प्रश्न होता तो सालाचा. मध्यंतरी धुराचे नियम बदलले तेव्हा या गाडीचं इंजिनही बदललं होतं. जुन्या इंजिनाच्या गाड्या आता फार पळालेल्या होत्या. अगदी नव्या आमच्या आवाक्यात नव्हत्या. राहिल्या मधल्या सालांतल्या, आणि त्यांच्याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं.

तीन आठवडे मी रोज सकाळी मार्केट यार्डात गेले. तिथे या मॉडेलच्या गाड्यांची रांगच लागलेली असते, आणि माल उतरेपर्यंत ड्रायव्हर मोकळे असतात. पहिल्या दिवशी मी विचारत होते, "गाडी कशी आहे?" सगळ्यांची एक नंबर. "ताई, लय भारी गाडी हाय." आपल्या गाडीला कोण कशाला वाईट म्हणेल? दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. "शेवटची कुठे अडली?"

या प्रश्नाला खरी उत्तरं यायला लागली. फुरसुंगीचे एक शेतकरी होते, स्वतःच्या शेतातला फ्लॉवर स्वतःच आणायचे. ते हसायलाच लागले.

"कुठं कुठं सांगू? कात्रजच्या चढाला, मंतरवाडीच्या चौकात, आन् एकदा भाचीच्या लग्नात हॉलच्या दारात. बंद नाय पडत ती. पिवळा दिवा लागतो न् गाडी म्हातारीवानी चालायला लागती."

"कोणत्या सालची?"

"नवीन इंजिन आलं ना, त्याच सालची."

पिवळ्या दिव्याची गोष्ट पुढे मी बऱ्याच जणांकडून ऐकली, आणि त्यांच्या गाड्या जवळपास सगळ्या त्या पहिल्या सालच्याच निघाल्या. नव्या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी गावातल्या गावात थांबत थांबत फिरली की ती तुंबते, मग इंजिन आपणहून जोर कमी करतं. पुढच्या सालापासून कंपनीने ती जाळी आणि तिचा सेन्सर बदलला होता. त्या सालचे ड्रायव्हर पिवळा दिवा म्हटल्यावर कोऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघायचे. माझ्यापुरता निकाल लागला. पहिला लॉट नापास. पुढच्या सालची गाडी शोधायची.

तशी एक शनिवार पेठेत सापडली. मालक सत्तरी ओलांडलेले, कागदाचे व्यापारी. छापखान्यांना कागदाची रिमं पोचवायला त्यांनी गाडी घेतली होती आणि आता दुकान बंद केलं होतं. फोनवर त्यांनी साल सांगितलं, मला हवं होतं तेच. मी गेले तेव्हा ते गाडीशेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"बघा," ते म्हणाले. "टायरला लाथ मारायची नाही. आतापर्यंत तिघांनी मारली. त्यातून त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक."

मी लाथ मारली नाही. बरोबर आणलेली चटई अंथरून गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली होती.

"आपण मेकॅनिक आहात?"

"नाही. रोपं विकते."

मग मी दाराच्या चौकटीवरची छोटी पट्टी वाचली. तिच्यावर गाडी कारखान्यात तयार झाल्याचा महिना होता. डिसेंबर, आणि तोही आदल्या वर्षाचा. म्हणजे ही गाडी नेमकी त्याच पहिल्या सालची! माझं डोकं तापलं.

"काका, आपण साल खोटं सांगितलंत."

"खोटं?" त्यांनी चष्मा काढला. "नोंदणी जानेवारीतली आहे. आपण साल विचारलंत, मी नोंदणीचं सांगितलं. बनवल्याचं विचारलं असतंत तर तेही सांगितलं असतं. आरसीचा फोटो पाठवला होता, त्यावर दोन्ही छापलंय. वाचायची तसदी घेतली असतीत तर हेलपाटा वाचला असता."

फोटो माझ्या फोनमध्येच होता. मी उघडून पाहिला. दोन्ही होतं. मी, तपासणी विभागातली, एक ओळ वाचून घरातून निघाले होते. मला माझीच लाज वाटली.

"चूक माझी," मी म्हटलं. "पण मग ही गाडी मला नको. या सालच्या गाड्यांना पिवळ्या दिव्याचा त्रास आहे."

"आहे नव्हे. होता," ते म्हणाले, आणि आत जाऊन एक जाड फाइल घेऊन आले.

फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हिसचा कागद तारखेनुसार लावलेला होता. पहिल्यांदा दिवा लागल्यावर त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं. अशी एकूण सात पत्रं, सगळ्यांच्या प्रती जपलेल्या. शेवटचं पत्र फक्त दोन ओळींचं होतं: आपण मराठी वाचत नसाल तर कळवावे, इंग्रजीत पाठवतो. त्यानंतर जाळी आणि सेन्सर दोन्ही बदलून मिळाले होते. त्याचाही कागद होता.

"कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या एका मेकॅनिकने सांगितलं, हिला आठवड्यातून एकदा तरी लांब पळवा, म्हणजे काजळी जळून जाते," ते म्हणाले. "म्हणून दर रविवारी सकाळी रिकामी गाडी घेऊन खेड शिवापूरकडे जायचो. टोलनाक्याच्या अलीकडून वळायचं आणि परत. आमची ही म्हणायची, लोक कुत्रं फिरवतात, तुम्ही पिकअप फिरवता."

हे सांगताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसू दाबलं. पण घरी येताना सगळा रस्ता मी त्या रविवारांचाच विचार करत होते. मार्केट यार्डात मी साल तपासलं होतं. त्या सालची ही एक गाडी कुणाच्या हातात होती, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कागदावर माझा विश्वास असतो, पण भागावर जास्त. दोन दिवसांनी हडपसरच्या आमच्या गॅरेजवाल्याला घेऊन पुन्हा गेले. त्याने चारही चाकं काढली. ब्रेकच्या नळ्यांवरून मी स्वतः बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्याने बॅटरीच्या उजेडात मला जाळीवर कोरलेला नंबर दाखवला. पुढच्या सालच्या गाड्यांना असतो तोच.

"वहिनी, दारावरची पट्टी जुन्या सालची आहे, आतला भाग नवा आहे," तो म्हणाला. "पण रिकामी चालवून निर्णय घेऊ नका. माल भरून घाटात न्या."

आमच्याकडून जवळचा घाट म्हणजे दिवेघाटच. घरी आल्यावर मी यजमानांना सांगितलं. ते गोकर्णाच्या वेलाला काठी बांधत होते. बांधून झाली तरी सुतळीची गाठ चाचपत राहिले.

"मी येतो," शेवटी म्हणाले. "शेजारी बसेन."

गाडीत वीस पोती लाल माती भरली. कागदवाले काकाही आले. "व्यवहार होईपर्यंत गाडी माझी आहे," असं त्यांचं म्हणणं. लायसन्स माझ्याकडेही होतं, त्यामुळे स्टिअरिंगवर मी, मधे यजमान, खिडकीशी काका आणि त्यांच्या मांडीवर फाइल.

वडकी सोडल्यावर चढ सुरू झाला. पुढे विटांचा ट्रक, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरवरच. माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं दिव्यांच्या पट्टीवर.

"बाई, रस्ता समोर आहे," काका म्हणाले.

दिवा लागला नाही. विटांच्या ट्रकमागे एवढा वेळ रेंगाळूनही लागला नाही. वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली आणि चहा सांगितला. यजमानांनी कप हातात घेतला नाही. ते गाडीभोवती फिरून आले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले, नळीला हात लावला आणि बोट कोरडं आहे का ते पाहिलं. मग माझ्यासमोर हात पुढे केला.

"उतार मी घेतो."

मी किल्ली दिली आणि मधल्या जागेवर जाऊन बसले.

पहिली दोन वळणं त्यांनी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने घेतली. मग अपघाताचं वळण आलं. त्या डोंगरावर गाडीचे ओरखडे अजून असतील असं मला दोन वर्षं वाटत होतं. तिथे नुसतं गवत होतं. यजमानांनी आरशात मागे पाहिलं, ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. वीस पोत्यांसकट, उतारावर, जागच्या जागी. त्यांनी ब्रेक सोडला, थोडी पुढे जाऊ दिली, पुन्हा दाबला. पुन्हा थांबली.

"थांबते," ते म्हणाले.

"थांबणारच," काका म्हणाले. "पण विकत घेणार असाल तर मधूनमधून चालवावीही लागेल."

यजमान मोठ्याने हसले. स्टिअरिंगवर हात असताना ते पुन्हा हसतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पायथ्यापर्यंत फाइलमधले कागद सारखे करत बसले.

पुढच्या आठवड्यात गाडी आमच्या नावावर झाली. आता दीड वर्ष झालं. एक पंक्चर आणि एक नवी बॅटरी, एवढंच तिने मागितलं.

मला सगळ्यात स्पष्ट आठवते ती पहिली फेरी. खराडीच्या एका सोसायटीत साठ कुंड्या पोचवायच्या होत्या आणि यजमान एकटे गेले. दुपारी परत आले, हातपाय धुतले आणि दोनदा भात मागून घेतला. जेवणं झाल्यावर मी जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, बाहेर यजमानांनी रोपांना पाणी घातल्याचा वास येत होता, आणि टेम्पोवाल्याला फोन करायला मला कुणीही उठवलं नव्हतं.