नऊ दिवसांचा पाऊस

माझ्या नावावर छापून आलेल्या निबंधांपैकी एकच असा आहे, ज्याचा दाखला लोक अजून देतात. त्यातले नऊ आकडे मी इंदिरानगरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर बसून तयार केले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा उगाच चांगला ग्रह व्हायला नको. बाकीचे आकडे खरे आहेत आणि ते माझे नाहीत. ते इगतपुरीजवळ राहणाऱ्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने रोज सकाळी साडेआठ वाजता मोजलेले आहेत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी नाशिकच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. घाटमाथ्यावरच्या पावसावर काम करायचं डोक्यात होतं, पण सलग नोंदी मिळत नव्हत्या. तेव्हा कुणीतरी या काकांबद्दल सांगितलं. नोकरीत असताना रुळांच्या देखभालीसाठी पाऊस मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेना, म्हणून त्यांनी तसाच डबा स्वतः करून घेतला आणि घरामागच्या मोकळ्या जागेत रोवला. वर नरसाळं, आत बाटली, आणि मोजायला रेघांची काचेची नळी. नोंदी एका लांबट रजिस्टरात, एकाच शाईने.

नाशिकच्या द्वारका चौकातून बस पकडून मी महिन्यातून एकदा तरी तिकडे जायचे आणि रजिस्टरातून आकडे उतरवून आणायचे. काका शेजारी बसून मी बरोबर उतरवते आहे की नाही ते बघत. मी एम.ए., पीएच.डी., आणि हे माझी उजळणी घेणार, याचा सुरुवातीला मला राग यायचा. मग एकदा माझ्या हातून सातचा एक झालेला त्यांनीच पकडला, तेव्हा मी गप्प बसले.

काकू दमेकरी होत्या. पावसाळ्यात चुलीजवळून फारशा हलत नसत, पण तिथे बसून तोंड चालू असायचं. "ती बघा माझी सवत," असं म्हणून मागच्या डब्याकडे हात करायच्या. "सकाळ झाली का आधी तिची चौकशी. मी जिती हाय का मेली, ते नवाच्या पुढं."

काकांचा एकच नियम होता. "मोजलं नाय तर लिहायचं नाय, मॅडम. रेघ मारायची." चौदा वर्षांत अशा रेघा फार थोड्या होत्या. सलग नऊ रेघा एकाच ठिकाणी होत्या, एका जुलैत. तेव्हा काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते नाशिकला दवाखान्यात होते. जाताना त्यांनी काकूंना सांगितलं होतं, जमलं तर डबा बघ. काकूंना अंक वाचता येत होते, चौथीपर्यंत शाळा झालेली होती. काका परत आले आणि दारातच त्यांनी विचारलं, मोजलास का. काकू म्हणाल्या, "पोट फाडून आले तरी डब्याचंच इचारता? कोण जातंय त्या पावसात." काकांनी नऊ रेघा मारल्या. पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा हे सगळं काकूंनीच मला हसत हसत सांगितलं.

त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. खोकला धरला, तो छातीत उतरला आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. मी भेटायला गेले तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. थंडीत पाऊस नसतो, त्यामुळे त्यांना सकाळी करायलाही काही नव्हतं.

मी निबंध लिहिला तो त्यानंतर वर्षभराने. नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढले, मजकूर टाइप करून घेतला, तीन प्रती एका परदेशी नियतकालिकाला रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. सात महिने काही नाही. मग एक जाड पाकीट आलं. परीक्षकाने बरं लिहिलं होतं, पण एक अट घातली होती: ज्या वर्षात सलग पाच दिवसांपेक्षा जास्त खंड आहे, ते वर्ष वगळावं. आणि ज्या वर्षावर मुख्य मुद्दा उभा आहे, त्याचे जुलैचे रोजचे आकडे कोष्टकात द्यावेत.

मुख्य मुद्दा ज्या वर्षावर उभा होता, ते नेमकं ऑपरेशनचं वर्ष. ते काढलं तर निबंधात सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. आणि कॉलेजात रीडरच्या, म्हणजे बढतीच्या जागेची मुलाखत जवळ आली होती. परदेशी नियतकालिकात छापलेला एक निबंध त्या मुलाखतीत काय करतो, हे आमच्या स्टाफरूममधल्या प्रत्येकाला पाठ होतं.

जवळच्या एका धरणावरही पाऊस मोजला जायचा. ते आकडे माझ्याकडे होते. काकांच्या डब्यात धरणापेक्षा साधारण सव्वापट पाऊस पडतो, हे मला माहीत होतं. मी ते नऊ दिवस घेतले, सव्वाने गुणले, आणि फार गोल दिसू नयेत म्हणून इकडेतिकडे दोन-चार मिलिमीटर कमीजास्त केले. हे शेवटचं मी का केलं, ते मला तेव्हाही कळत होतं. खंड अंदाजाने भरणं हा काही गुन्हा नव्हे, सगळे भरतात, पण खाली एक ओळ लिहायची असते की हे आकडे अंदाजे आहेत. ती ओळ मी लिहिली नाही. ती लिहिली असती तर परीक्षकाने वर्ष काढायला लावलं असतं. बावीस तारखेचा माझा गुणाकार इतका मोठा निघाला, की तो सगळ्या चौदा वर्षांतला सर्वांत मोठा आकडा ठरला. निबंधाच्या सारांशात तोच आहे.

निबंध छापून आला. पंचवीस प्रती टपालाने आल्या. शेवटी आभारात काकांचं नाव होतं. मी पेढे आणि एक प्रत घेऊन इगतपुरीला गेले, आणि खरंच सांगते, त्या नऊ आकड्यांचा मला त्या दिवशी विसर पडला होता. इतकी मी खुशीत होते.

काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण आकडे येत होते. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि कोष्टकावर बोट ठेवून तारखेप्रमाणे खाली येऊ लागले. बारावर आले, तेरावर आले. चौदावर बोट थांबलं.

"मॅडम, ह्या तर माझ्या दवाखान्यातल्या तारखा हायेत."

मी पेढ्यांचा पुडा सोडायला घेतला. काका बोट हळूहळू खाली नेत बावीसपर्यंत गेले आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा एकदम वेगळाच झाला होता.

"हिनं मोजला व्हता?" ते म्हणाले. "माझ्यावर रागावली व्हती, म्हून मला नाय सांगितलं. तुम्हाला दिला आकडा. तुम्ही पुढच्याच महिन्यात आल्या व्हत्या ना?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग हे आले कुठून. तो प्रश्न मला नको होता. मी म्हणाले, "हो."

काका हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "लय खट व्हती," म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. बसमध्ये मी स्वतःची समजूत घातली, की एका म्हाताऱ्या माणसाला आनंद झाला, त्यात कुणाचं काय गेलं. मुलाखतही चांगली झाली. मी रीडर झाले.

दोन महिन्यांनी काकांचा फोन आला, स्टेशनजवळच्या बूथवरून. ते नऊ आकडे रजिस्टरात चढवायचे आहेत, तुम्ही वाचून दाखवा, माझ्याकडून चूक नको. मी टाळायचं म्हणून दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी गेले.

त्यांनी जुनं रजिस्टर काढून ठेवलं होतं. लाल शाईचं पेन आणलं होतं. का, ते मी विचारलं, तर म्हणाले, हिचे आकडे माझ्यात मिसळायला नकोत. मी वाचत गेले. ते प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचे आणि रेघेच्या वर लाल शाईत लिहायचे. मी माझा गुणाकार वाचत होते आणि ते तो एखाद्या पोथीसारखा उतरवून घेत होते. मला वाटत होतं, छपराचं एखादं कौल डोक्यात पडावं आणि हे थांबावं.

बावीस तारखेचा आकडा वाचला. त्यांनी तो म्हटला, पण लिहिला नाही.

"एवढा?" त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. डबा झाडांपासून लांब, पार कोपऱ्यात होता. तिथवर जायला घरातून तीस-चाळीस पावलं, आणि वाटेतल्या फरशीवर शेवाळ. "ह्या पावसात गेली ती? एवढा पडला म्हंजे बाटली दोन-तीनदा काढावी लागती. भरून वाहती ना."

मी निबंधाची प्रत मिटून खाली ठेवली.

"दमेकरी बाई," ते म्हणाले. "आणि मीच सांगून गेलो व्हतो. दवाखान्यात बघायला आली तवाबी डब्याचंच इचारलं. म्हून गेली असंल." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मंग तो खोकला थंडीतला नव्हंच, मॅडम. तो ह्या पावसातला. माझ्या डब्यापायी गेली ती."

मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या आहेत, पण माझ्यासमोर कुणी माझी चूक अशी स्वतःच्या अंगावर घेतलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मी म्हणाले, "काका, काकू बाहेर गेल्याच नव्हत्या. त्यांनी मला काही दिलं नाही. हे आकडे मी केले."

"केले म्हंजे?"

मी सांगितलं. धरण, सव्वापट, परीक्षकाची अट, मुलाखत, सगळं. सांगताना माझंच मला ऐकवत नव्हतं. माझं झाल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "म्हंजे घरातच व्हती?"

"घरातच होत्या. चुलीपाशी."

त्यांनी डोळे मिटले. मग उठून फळीवरची लाकडी पट्टी आणली. लिहून झालेल्या आठ लाल आकड्यांवर एकेक करून पट्टी लावली आणि आडव्या रेघा मारल्या. समासात तारीख घातली, सही केली. ते माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी स्वतः उठून चहा केला. काकू गेल्यापासून तेच करायचे, साखर जास्त पडायची.

चहा पिताना त्यांनी माझ्या निबंधाची प्रत उचलली आणि कोष्टकाचं पान उघडलं. "रजिस्टरात खोडलं. हे कसं खोडायचं?"

मी म्हणाले की संपादकांना पत्र लिहिता येतं. ते पुढच्या अंकात दुरुस्ती छापतात.

"मंग लिहा," ते म्हणाले.

"लिहिते," मी म्हणाले.

पत्र मी खरंच लिहिलं. दोनदा टाइप करून घेतलं. दुरुस्ती छापली तर कॉलेजात चौकशी लागेल, जागा जाईल, घराचं काय, मुलीच्या शिक्षणाचं काय, असं म्हणत ते टेबलाच्या खणात राहिलं. काकांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी गेले की रजिस्टर पुढे करायचे, शेजारी बसायचे, पण मी काय उतरवते आहे ते बघायचे नाहीत. हळूहळू मी जाणं कमी केलं. चार वर्षांनी ते गेले तेव्हा त्यांच्या पुतण्याने सगळी रजिस्टरं माझ्याकडे आणून दिली. काकांनी तसं सांगून ठेवलं होतं. मॅडमला द्या, त्यांना लागतील.

ती माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहेत.

पुढच्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी एम.फिल.ला आली. हुशार आणि फार काटेकोर. घाटमाथ्यावरच्या अतिवृष्टीवर तिचं काम होतं आणि बावीस जुलैचा आकडा तिने पहिल्याच प्रकरणात घेतला होता. एका दुपारी ती माझ्या केबिनमध्ये आली. म्हणाली, "मॅडम, हा आकडा शेजारच्या कुठल्याच केंद्राशी जुळत नाही. मूळ रजिस्टर एकदा बघायला मिळेल का?"

पट्टी लावून मारलेल्या रेघा, समासातली तारीख, सही, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मला फक्त घरी जाऊन कपाट उघडायचं होतं.

मी म्हणाले, "अगं, ती त्यांच्या घरीच होती. गळक्या छपराखाली सगळी भिजून गेली."

तिला वाईट वाटलं. मग तिने वही उघडली आणि तळटीप लिहून घेतली: मूळ नोंदी नोंद ठेवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे नष्ट. लिहून झाल्यावर, शब्द बरोबर आहेत ना, म्हणून तिने वही माझ्यापुढे केली. मी वाचलं आणि मान हलवली.