ताईंचा नवा चष्मा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही.

आष्टीच्या आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. आज जालन्यात सॉफ्टवेअरच्या छोट्या ऑफिसात बसते, काम आवडतं, बरं चाललंय — त्याचा अभिमान मी लपवत नाही. लपवलंय ते वेगळंच.

दवाखान्यांसाठीचा एक प्रोग्राम मराठीत करायचा होता. त्यातलं प्रत्येक इंग्रजी वाक्य भाषांतराच्या फंक्शनला द्यायचं — आधी फंक्शनचं नाव, पुढे कंस, कंसात वाक्य. कंस नाही टाकला तरी आमचा प्रोग्राम बिलकुल कुरकुर करत नाही. पण भाषांतरासाठी वाक्यांची यादी काढणारं टूल कंस बघूनच वाक्य उचलतं. ऑफिसातल्या सरांनी बजावलं होतं, कंस टाक. मला वाटलं — मला काय शिकवता? कंसाशिवाय कोड किती मोकळा दिसतो! दोन अख्ख्या स्क्रीन मी तशाच लिहिल्या.

यादी गेली लताताईंकडे. ताई अंबडच्या, निवृत्त शिक्षिका. एसटीनं येतात, आमची भाषांतरं करतात. वाक्य झालं की यादीत पेन्सिलीनं खूण.

प्रोग्राम दाखवायच्या दिवशी त्या दोन स्क्रीन इंग्रजीतच उघडल्या. सरांनी ताईंकडे पाहिलं. मला बघताक्षणीच कळलं होतं — कंस नव्हते, म्हणून ती वाक्यं यादीत गेलीच नव्हती. ताईंची यादी घरी राहिलेली, ताडून बघायला हाताशी नव्हती.

"मंग माझ्याच नजरेतून सुटलं असंल," एवढंच त्या म्हणाल्या.

तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी पाण्याची बाटली उघडली.

दुपारी गुपचूप कंस टाकले, नवी यादी काढली, "राहिलेली वाक्यं" म्हणून ताईंच्या हातात दिली. त्यांनी जुनीशी ताडूनही पाहिली नाही — विश्वास होता ना.

पुढच्या आठवड्यात ताई नवा चष्मा लावून आल्या. डॉक्टर म्हणाले होते, नंबर तोच आहे. तरी त्यांनी बदलून घेतला. "न्हाई बाई, चुकायलंय कुठंतरी," मला म्हणाल्या. मलाच.

आता नव्या पोरींना मी शिकवते — कंस विसरायचा नाही. कडक आहे म्हणून सर कौतुक करतात. ताईही करतात. मी ते घेते.

चूक माझी होती. गप्प बसले तीही मीच.

काल ताई समोरच्या टेबलावर होत्या. चष्मा पुसला, एका ओळीवर खूण केली. मग बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली — आणि दुसरी खूण केली. पूर्वी त्या एकच करायच्या.