अत्तराच्या कुप्यांतली माती

डोळे मिटले की प्रथम दिसतो तो तळघराच्या दगडी जाळीतून तिरपा उतरणारा उन्हाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात फळीवर उजळणाऱ्या अत्तराच्या इवल्या काचेच्या कुप्या... आत अत्तराऐवजी माती. कोकणची तांबडी, वऱ्हाडची काळीभोर, माणदेशाची राखट. शाळेतल्या सरकारी नकाशात इंग्रजांचा सारा मुलूख एकाच गुलाबी रंगाने माखलेला असे. महाराष्ट्राला इतके रंग आहेत, हे मला काशीतल्या त्या तळघराने शिकवले.

हा संग्रह माझ्या बापूकाकांचा. दुर्गाघाटावरील आमच्या घरी दक्षिणेतून यात्रेकरू उतरत. त्यांची धर्मकृत्ये वडील करीत, आणि पाठशाळेत व्याकरण शिकवणारे, एकटे, मितभाषी काका निरोपाच्या वेळी संकोचाने हात जोडून एवढेच मागत, "गावातलं कोणी पुढे काशीला आलं, तर त्यांच्याबरोबर अंगणातली चिमूटभर माती पाठवा."

"अहो शास्त्रीबोवा, लोक इथून गंगा घेऊन जातात, आणि तुम्हाला आमची माती हवी?" यात्रेकरू हसत. काकाही हसत. ज्या भूमीची भाषा ते घरात बोलत, ती त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

उन्हाळ्यात बाहेर लू वाहू लागली की सारे घर त्या तळघराच्या गारव्यात दुपार काढी. मग काका एखाद्या कुपीचा कापसाचा बोळा अलगद काढून ती माझ्या नाकाशी धरीत. "आधी जुन्या अत्तराची खस येईल. घाई करू नकोस, बयो... आता वाई येईल." आणि खरोखरच यायची! कुप्यांच्या शेजारी माझी वेताची पेटी असे — तीत काशीचे, लाखेच्या रंगाचे लाकडी राघू. त्या थोर संग्रहाशेजारी आपलाही संग्रह असावा, याचा मला केवढा अभिमान!

श्रावणात गंगा चढू लागली की आमच्याकडे 'पूर' हा शब्द कोणी उच्चारीत नसे. गंगामाई भेटीला येते, असे म्हणायचे. तिने खालच्या उंबऱ्याला स्पर्श केला की आई खणानारळाने तिची ओटी भरी. त्याआधी तळघरातली वस्तू हलवायची नाही, हा घराचा रिवाज. एरवी ती उंबरा शिवून माघारी फिरे. त्या वर्षी मात्र तिचा रंग आणि वेग पाहून आई धास्तावली.

"भावोजी, निदान कुप्या तरी वर आणा."

"वहिनी, पाहुणी येताना दिसली म्हणून कोणी घरातली भांडी लपवतं का?"

आई ओटीचे तबक घेऊन उंबऱ्याशी वाकली, आणि तेवढ्यात नावेतून मल्लाह ओरडला, "पंडितजी, पानी जाली से घुस रहा है!" काका धावत तळघरात उतरले. जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मला दिसले ते त्यांच्या कमरेपर्यंत चढलेले गढूळ पाणी. मग फळी कोसळली... काचेचा तो बारीक, एकदाच झालेला आवाज... काका वर आले ते ओलेचिंब, छातीशी माझी पेटी धरून.

"घे, बयो. तुझे राघू."

"अहो भावोजी, लाकडाचे ते!" आई कळवळून म्हणाली. "आपोआप तरंगत वर आले असते!"

काका थबकले. त्यांनी पेटीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. "खरंच की!" म्हणाले, आणि इतके मोकळे हसले की डोळे पुसता पुसता आईलाही हसू फुटले. मला मात्र त्यांच्या रित्या हातांवरून नजर काढवेना.

पाणी ओसरल्यावर तळघरात गुडघाभर गाळ होता. त्यातले कोकण कुठले, वऱ्हाड कुठले आणि गंगा कुठली... काकांनी काचा वेचल्या, गाळाची एक पाटी वर नेऊन तुळशीला घातली, आणि पुढल्या श्रावणात ओटीचे तबक घेऊन उंबऱ्याशी सर्वांत आधी तेच उभे राहिले. गंगेविषयी बोल लावणारा एक शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. यात्रेकरूंकडे माती मागणे मात्र थांबले.

पुढे माझे लग्न होऊन मी कृष्णाकाठी आले. पहिल्या माहेरपणाला जाताना सासरच्या अंगणातली चिमूटभर माती रुमालाच्या गाठीत बांधून नेली. काकांनी ती गाठ कितीतरी वेळ सोडलीच नाही. मग स्वतः गल्लीत जाऊन अत्तर विकणाऱ्या गंध्याकडून एक रिकामी कुपी आणली, भरली, आणि ठेवली — वर, देवघराच्या कोनाड्यात.

काका गेल्यावर ती कुपी माझ्याकडे आली. आज उतारवयात, लिहिण्याचा सराव नसलेल्या हाताने, हे लिहिताना ती समोर आहे. बोळा काढला की आधी खस येते. घाई न करता थांबले, की मग माझे अंगण.