करुणाच्या लग्नाचा आठवडा

खरं सांगते, त्या सोमवारी मी प्रभूवर चिडले होते. शुक्रवारी लेकीचं, करुणाचं लग्न. कालच, रविवारी, चर्चमध्ये लग्नाची तिसरी आणि शेवटची जाहीर पुकार झाली, कुणाचीच हरकत नव्हती. आता कशाला काय अडतंय, अशा तोऱ्यात मी लाडू वळत होते, आणि हे अंगणात मांडववाल्याशी बोलता बोलता छाती धरून खालीच बसले. "अगं, पाणी," एवढंच म्हणाले. उस्मानपुऱ्यातून सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत रिक्षात मी प्रार्थना केली नाही, नुसती भांडत होते. या माणसानं कधी उपासना चुकवली नाही, आणि तुला हाच आठवडा सापडला का?

झटका मोठा होता, डॉक्टर म्हणाले. जीव वाचलाय, पण यांना एकटं सोडायचं नाही आणि मनाला धक्का बसेल असं काही कानावर, डोळ्यांसमोर येऊ द्यायचं नाही. मी लग्न पुढं ढकलायचं म्हटलं, तर हे माझा हात धरून म्हणाले, "माझ्यापायी पोरीचं लगीन मोडू नकोस. तिला नवरीच्या साडीत एकदा बघू दे मला." मी हो म्हटलं. बाहेर व्हरांड्यात आले आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं म्हणायला गेले, पण ते शब्द काही तोंडातून फुटेनात. माझीच इच्छा व्हावी असं वाटत होतं, त्याला मी काय करणार?

शुक्रवारी बापाच्या जागी माझा भाऊ करुणाचा हात धरून चालणार होता. चर्चच्या मंडळीतल्या बाया स्वयंपाकात. यांच्यापाशी बसायला मी आमच्याच चर्चमधली एक नर्स ठरवून ठेवली होती. प्रभूनं आपल्यातलंच विश्वासू माणूस दिलं म्हणून आभारही मानून झाले होते. लग्नाच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, तापानं फणफणलीय. मी करुणाला कळवलं, मी काही येत नाही. मग नळापाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. "प्रभू, कुणाला तरी पाठव रे."

शेजारच्या खाटेवर वैजापूरकडचा एक म्हातारा मेंढपाळ होता, दम्याचा. त्याची बायको खाटेखाली पथारी टाकून राहायची. कपाळाला पिवळाजर्द भंडारा, गालात तंबाखू आणि जीभ अशी की वॉर्डबॉयसुद्धा दबकून असायचा. मीही चार हात लांबच राहायचे. ती माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"काय झालं गं? धनी तर बरा हाय तुजा."

मी सांगितलं, तर माझ्यावरच डाफरली. "लेकीचं लगीन अन् आई हितं मोरीत रडतीया? शोभतं व्हय? चल, नीघ! मला एक म्हातारा राखायचा तसं दोन. लई मेंढरं राखलीत म्या. ह्यो काय खाट सोडून पळतोय?"

सिस्टरला विचारलं, तीही हसून म्हणाली, "जा हो ताई, या आजी माशीसुद्धा बसू देणार नाहीत."

छावणीतल्या चर्चमध्ये लग्न लागलं, पाळकांनी आशीर्वाद दिला, आणि मी बाकावर बसून सारखी फोनकडं बघत होते. बाहेर येताच करुणा म्हणाली, "जेवणं नंतर. आधी पप्पा." निघालो तसेच. दवाखान्यापाशी जावई गाडी लावायला थांबले, आणि करुणा, मी आणि पाळकांची बायको, आमच्या पाळकबाई, वॉर्डात शिरलो. नवी पांढरी साडी, डोक्यावर पांढरी जाळी, आमच्यात नवरी असते तशी माझी लेक.

म्हातारीनं तिला बघितलं आणि किंचाळलीच. "अगं माझे माय! आजच लगीन अन् आजच पांढरं? बापाला दावू नगा गं!" आणि धावत जाऊन तिनं आपला पदर यांच्या तोंडावर टाकला.

मला शब्द काही ऐकू आले नाहीत. मला फक्त यांचं झाकलेलं तोंड दिसलं. मी भिंत धरली. संपलं. आणि काय सांगू, त्या क्षणी मी भांडले नाही. आठवडाभर न फुटलेले शब्द आपोआप आले. तुझ्या इच्छेप्रमाणे, प्रभू. तुझ्याच.

तेवढ्यात पदराखालून आवाज आला, "अहो आजी, श्वास तरी घेऊ द्या!" हे हसत होते. तेवढ्यात जावईही धापा टाकत पोहोचले. आमच्यात नवरी पांढरंच नेसते, हे समजावून सांगितल्यावर म्हातारीनं जीभ चावली आणि रडायलाच लागली. "मला वाटलं पोरीचा धनी गेला. म्हनलं, ह्यो बघंल अन् ह्यो बी जाईल." परक्या माणसासाठी एवढा जीव तुटताना मी जवळून पहिल्यांदा पाहिला.

मग तिनं पदराची गाठ सोडून चिमूटभर भंडारा काढला. "चालंल का बाई तुमच्यात?" पाळकबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी काही ठरवायच्या आतच करुणा वाकली होती. म्हातारीनं तिच्या कपाळाला बोट लावलं, "तुजा चुडा राहू दे, बापाला आवुक्ष मिळू दे." खाटेवरून हे म्हणाले, "आमेन." पाळकबाईही हळूच म्हणाल्या, "आमेन."

पुढं हे घरी आले, आता रोज फिरायलाही जातात. कुणाला पाठवायचं हे मी प्रभूला सांगत नाही हल्ली. कुणीही आलं तरी आधी पाणी विचारते. त्या गडबडीत म्हातारीचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. आमच्या घरच्या प्रार्थनेत मी तिला नुसतं 'ती' म्हणते. ज्यानं तिला पाठवलं, त्याला कळतं.