एक दिवस जास्त

टोंगाच्या बेटावरच्या कोलोमोतुआतले शेजारी मेलेनाइतेबद्दल म्हणत, "ही बाई गिऱ्हाइकापेक्षा मोबाइलमधल्या भुतांशी जास्त बोलते." बाजारात ती तालोचे कंद विकायची आणि मोबाइलवर अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळायची. एका खेळीला तीन दिवस. ते संपले की हार. प्रतिस्पर्ध्याने बटण दाबले तर एक दिवस वाढे, तोही दिवसातून एकदाच.

खेळ तिचा उतावळा. वजीर पहिल्याच झटक्यात बाहेर. शेजारी मासळी विकणारी सेलू खिजवायची, "तुझा वजीर म्हणजे माझा नवरा गं. घरात पाय टिकत नाही, आणि मार खाऊन परत!"

रविवारी मात्र मेलेनाइते पटाला शिवत नसे. चर्च, मग जमिनीतल्या भट्टीतले जेवण, मग झोप. सगळे बेटच बंद. तिच्याशी खेळणारा, न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलचा म्हातारा डंकन हे जाणून होता. दर शनिवारी तो न विसरता तिला एक दिवस वाढवून देई.

जानेवारीत समुद्रातला ज्वालामुखी फुटला. राख पडली, समुद्राखालची तार तुटली आणि अडतीस दिवस बेटाचा जगाशी संपर्क राहिला नाही. मेलेनाइतेने खोक्याच्या पुठ्ठ्यावर पट आखला आणि शिंपले व बाटल्यांची झाकणे घेऊन डंकनबरोबरचा डाव आठवून मांडला. खेळी तिची होती. रोज सकाळी ती सोंगट्यांवरची राख फुंकायची आणि बघत बसायची. एका खेळीचा विचार महिनाभर करण्याची ही तिची पहिलीच वेळ. अखेर तिने वजीर घरी परत आणला.

संपर्क सुरू झाला तेव्हा बाकीचे अकरा डाव वेळ संपून गेले होते. तिघांनी तिच्या आत्म्याला शांती चिंतली होती. डंकनचा डाव तेवढा चालू होता. त्याने रोज एक दिवस दिला होता. वजिराची खेळी पाहून त्याने लिहिले, "ही तुमची खेळी नाही. कोण खेळतंय?"

"मीच," तिने कळवले. "बसायला शिकले."

त्यानंतर ती क्वचितच हरली. जूनमध्ये डंकनचा राजा कोपऱ्यात सापडला. मात दोन खेळ्यांवर होती. त्याची खेळी आली नाही.

ती रोज सकाळी एक दिवस देऊ लागली. एका बुधवारी डंकनच्या नावापुढचा हिरवा ठिपका पेटला. ती हातातला कंद तसाच धरून उभी राहिली. खेळी झाली नाही, ठिपका विझला. तो मोबाइल कुणी उघडला होता, ते कधीच कळले नाही.

दोन रविवार तिने नेमाप्रमाणे पाळले आणि त्याचे दोन दिवस गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी घड्याळ शून्यावर येणार होते. चर्चमधून परतताना, पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांच्या घोळक्यातच, तिने मोबाइल काढला.

"अगं ए! आज रविवार आहे ना?" सेलू कुजबुजली. "म्हातारा मेला असेल केव्हाच. जिंकलीस तू. ठेव तो आत, पाद्रीबाबा बघतायत."

मेलेनाइतेने बटण दाबले.

"मेला असेल तर मेला. पण वेळ संपून हरायचा नाही."