हलक्या गादीची पारख

आमचे हे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या अरुंद बांधावरून, घसरून कमरेवर पडले, तोवर गादी विकत आणायची असते हे मला माहीतच नव्हतं. गादी आमच्या घरी व्हायची. चैत्र-वैशाखात सावरीची बोंडं फुटली की रानातून वेचून आणायची, उन्हात टाकायची, काडीनं झोडपून बिया काढायच्या आणि खोळीत भरून टाके घालायचे. त्या दिवसांत घरभर कापूस उडायचा. भातात निघायचा, भुवयांवर बसायचा. पण गादी अशी व्हायची की निजल्यावर माणूस बाजेवर आहे की ढगावर, कळू नये.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन टाळलं, पट्टा दिला, व्यायाम सांगितला आणि म्हणाले, बाज बंद, कापसाची गादी बंद, लाकडी पलंग करा आणि चांगली गादी घ्या. फार मऊ नको, फार कडकही नको. मी विचारलं, मग कशी? तर म्हणाले, मधली. आता मधली म्हणजे काय? भात मऊ झाला, फडफडीत झाला, हे मला कळतं. पण हे पडलं माणसाचं कंबरडं. चुकलं तर भोगणार ते. डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं, कंबर नीट टेकली नाही तर दुखणं कायमचं बसेल. हे वाक्य डोक्यात घेऊन मी आणि धाकट्या जाऊबाई नागभीडला गेलो.

दुकानात गाद्या भिंतीला लागून थप्पीनं उभ्या. नारळाच्या काथ्याची, फोमची, आत स्प्रिंगा असलेली, अर्धी काथ्याची अर्धी फोमची. जवळजवळ सगळ्यांवर ‘ऑर्थो’ लिहिलेलं. हाडांच्या दवाखान्याच्या पाटीवरही तेच होतं, म्हणून पहिली दिसली तेव्हा बरं वाटलं. सगळ्यांवरच दिसल्यावर परत गोंधळ.

दुकानदार भला माणूस. एक गादी दिवाणावर टाकून म्हणाला, काकू, झोपून पाहा. आता दुकानात चार माणसं उभी, मी डोक्यावर पदर घेतलेली, मी कशी झोपू? जाऊबाईंना मात्र लाज कमी. त्या चपला काढून चढल्या, कुशीवर वळल्या आणि झोपूनच गेल्या. मी तिकडे भाव-टाव ऐकत होते, इकडे घोरण्याचा आवाज. उठवलं तेव्हा विचारलं, कशी आहे? तर म्हणाल्या, “चांगली आहे बाई. पर मी धान कापून थकली होती, धुऱ्यावर बी झोप लागली असती.”

नागपूरच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, आई, डेन्सिटी विचार, जास्त पाहिजे. दुकानदाराला विचारलं तर त्यानं आकडे सांगितले, आणि वर म्हणाला की नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कोणता फोम तेही पाहावं लागतं. मुलाला परत विचारावं तर तो मीटिंगमध्ये. डॉक्टर मधली म्हणतात, मुलगा जास्त म्हणतो, दुकानदार म्हणतो आकड्यावर जाऊ नका. मग मी म्हटलं, जाऊ द्या, आपल्या हाताला जे कळतं तेच करू.

आमच्याकडे गादी उचलून पारखतात. लग्नात आंदणाची गादी आली की बायका बोलता बोलता तिचा कोपरा सहज उचलून पाहतात. चटकन उठली तर कापूस नवा, कोरडा, मोकळा. जड लागली तर आत जुना कापूस, चिंध्या, नाहीतर ओल. तोंडानं कोणी काही म्हणत नाही, पण डोळ्यांनी निकाल होऊन जातो. मी दुकानातल्या गाद्यांचे कोपरे असेच उचलत गेले. एक इतकी हलकी उठली की मला वाटलं, हीच. दुकानदार म्हणाला, काकू, ही पाहुण्यांपुरती ठीक आहे, रोजच्याला वजनदार घ्या. मी मनात म्हटलं, हं, जुना माल आमच्या गळ्यात घालून राह्यला. हलकीच आणली. एका हातानं ऑटोत चढवली, याचाही मला अभिमान.

यांनी पहिल्या दिवशी अंग टाकलं आणि म्हणाले, छान आहे. मी गावभर सांगितलं. पुढे थंडी पडली तरी हे दुपारी खाली सतरंजीवर निजायला लागले. विचारलं तर म्हणायचे, वर गरम होतं. पुसाच्या महिन्यात कोणाला गरम होतं? तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. सकाळी उठताना मात्र भिंत धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येईना, आणि मला वाटायचं पट्टा सैल झाला असेल.

डॉक्टरांकडे परत गेलो. त्यांनी तपासलं आणि विचारलं, झोपता कशावर? यांनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. घरी येऊन चादर काढली, तर यांच्या कमरेच्या जागी खळगा. पाणी ओतलं असतं तर साचलं असतं.

“सांगतलं काऊन नाई जी?” मी म्हटलं.

“तू किती खुशीनं आणली होती,” ते म्हणाले. “म्हटलं, चालते.”

मला राग यावा की रडू, तेही कळेना. कापूस हलका म्हणजे चांगला, हे मला सासूबाईंनी शिकवलं ते खोटं नाही. पण फोमचं उलटं. त्यात हलका म्हणजे आत नुसती हवा, वजन पडलं की बसलाच. हे दुकानदारानं दुसऱ्या खेपेला समजावलं, आणि पहिल्या खेपेचं काही बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी यांनाच घेऊन गेले. ज्याची कंबर त्यानं पाहावं. ते पट्ट्यासकट लांब झाले. दुकानदार म्हणाला, काकू, यांच्या कमरेखालून हात घालून पाहा. सरळ निघून गेला तर गादी कडक, जातच नसेल तर मऊ. एका गादीवर हात आरपार गेला. दुसरीवर बोटंही शिरेनात. तिसरीवर अडकत अडकत गेला. मला वाटलं, मधली म्हणतात ती हीच असेल. असेल, म्हणजे नक्की नाही.

“आता तू बी झोप,” हे म्हणाले.

“माह्या कमरेले काय झालं?”

“तू काय कोठ्यात झोपतेस का वं, बैलापाशी? दोघाचं वजन पडन त्याच्यावर.”

एवढं साधं, पण माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पदर घट्ट धरून मी त्यांच्या बाजूला आडवी झाले. वर पंखा फिरत होता, एक गिऱ्हाईक बाई हसली. हे कुशीवर वळले, तर माझ्या बाजूला काही हललं नाही. तीच घेतली. उचलायला माणसं लागली. जाऊबाईंनी घरी कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “बाई, आत ओलं पोतं भरून आणलं का?”

आता हे भिंत न धरता उठतात. डॉक्टर म्हणतात व्यायामानं, जाऊबाई म्हणतात त्यांच्या मोहाच्या तेलानं, हे म्हणतात गादीनं. खरं काय, मला माहीत नाही. परवा सकाळी चहा पिता पिता यांनी विचारलं, “तुले कशी वाटते वं गादी?”

आणि मला सांगताच येईना. इतके दिवस मी पडल्या पडल्या त्यांच्याच कूस बदलण्याकडे कान लावून होते, कण्हतात का, उठतात का. माझ्या पाठीला कसं वाटतं ते मी पाहिलंच नव्हतं.

“थांबा जी,” म्हटलं, “आज झोपून पाहते, मग सांगते.”